वाचकांचे प्रश्न: कामट्यांचा फ्लाय रॉड आणि ट्राउटच्या नद्या

गेल्या अंकातल्या लेखात आम्ही लिहिलं होतं, की बांबू फोडून त्याच्या सहा त्रिकोणी कामट्या एकमेकींना चिकटवल्या की षटकोनी फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी वजनदार दोरीने (लाइनने) दूर फेकून मासा पकडायची काठी, तयार होतो, आणि हे काम सोलापुरात घरच्या घरी करता येतं. त्यावर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. जाडीची मापं मिलिमीटरमध्ये आहेत. रॉडची लांबी मात्र फुटांत दिली आहे, कारण बाजारात तीच चालते.

मे अखेरीस आम्ही चौघं तीर्थनला जाणार आहोत आणि पुढच्या वर्षी पहलगामला. दोन्हीकडे ट्राउटसाठी. एकच रॉड करायचा तर किती फुटी, किती नंबर लाइनचा? तोच उजनीवर चालेल का?
*होटगी रोड, सोलापूर*

आधी नदीवर लाइन किती लांब टाकावी लागते ते ठरवा. लांबी, लाइनचा नंबर (नंबर मोठा तशी लाइन जड), टेपर (शेंड्यापासून मुठीकडे जाडी कशी वाढते ते) हे सगळं त्यावरून ठरतं. आधी रॉड करून मग त्याला शोभणारी नदी शोधायची, हा उलटा क्रम आहे आणि बहुतेक निराशा तिथूनच सुरू होते.

हिमाचलातली तीर्थन नदी हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि लारजीजवळ बियासला मिळते. वरच्या भागात मोठमोठे धोंडे, धोंड्यांमागे शांत पाण्याचे छोटे खळगे आणि काठाला झाडं. मासा सहा ते नऊ मीटरवर असतो. चार नंबर लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाण वजन ७.८ ग्रॅम, पाच नंबरचं ९.१ आणि सहा नंबरचं १०.४ ग्रॅम. सहा मीटर लाइन बाहेर असेल तर चार नंबरच्या लाइनचं जेमतेम पाच ग्रॅम वजन रॉडवर येतं. एवढ्याशा वजनाने शेंडा वाकला पाहिजे, नाहीतर लाइन पुढे जातच नाही आणि माणूस हाताने जोर लावत बसतो. म्हणून अशा पाण्याला सात फुटी, चार नंबरचा, मऊ शेंड्याचा रॉड.

पहलगामच्या लिद्दर नदीचं पाणी वेगळं. शेषनागाकडून येणारा आणि कोलाहोई हिमनदीकडून येणारा असे दोन प्रवाह पहलगामला एकत्र येतात. खाली नदी रुंद आणि जोरकस होते. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यामुळे दुपारनंतर पाणी चढतं, गढूळ होतं. खोऱ्यात वारा असतो आणि लाइन बारा-पंधरा मीटर टाकावी लागते. तिथे साडेसात ते आठ फुटी, पाच नंबरचा रॉड लागतो, आणि मधल्या भागात थोडी जास्त जाडी, म्हणजे लांब लाइन हवेत असताना रॉड कंबरेत खचत नाही. काश्मीरमधल्या कोकरनागसारख्या झऱ्यांच्या नितळ पाण्यात प्रश्न अंतराचा नसतो, दोऱ्याचा असतो. तिथे ०.१५ मिमीचं टिपेट (माशी बांधायचा टोकाचा बारीक दोरा) वापरावं लागतं आणि माशाच्या पहिल्या झटक्याला ते तुटू नये म्हणून रॉडचा शेंडा १.६ मिमीपर्यंत बारीक ठेवतात. परदेशातही हाच हिशेब चालतो. इंग्लंडमधल्या टेस्ट नदीच्या संथ, स्वच्छ पाण्यावर सावकाश वाकणारा रॉड हवा, तर माँटानातल्या मॅडिसनच्या वाऱ्याला साडेआठ फुटी, पाच-सहा नंबरचा.

एकच करायचा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: साडेसात फुटी, दोन तुकड्यांचा, पाच नंबरचा. गुशैनी-बंजार भागातल्या तीर्थनवर तो सहज चालतो आणि लिद्दरवर तोकडा पडत नाही. सुरुवातीचं टेपर असं घ्या: शेंड्याला १.९ मिमी, तिथून दर १२.५ सेंमीला ०.३६ मिमी वाढ. जोडापाशी, म्हणजे ११४ सेंमीवर, ते सुमारे ५.२ मिमी होतं. सात फुटी चार नंबरला शेंडा १.७५ आणि दर टप्प्याला ०.३५ वाढ, म्हणजे १०७ सेंमीवर सुमारे ४.७५ आणि मुठीच्या पुढे सुमारे ७.१ मिमी. ही सगळी समोरासमोरच्या सपाट बाजूंमधली मापं. सरळ रेषेत वाढणारं टेपर मध्यम स्वभावाचा रॉड देतं आणि पहिल्या रॉडला तेच बरं. पुढे एव्हरेट गॅरिसन या अमेरिकी इंजिनिअरने रूढ केलेली पद्धत शिका. दर पाच इंचांवर रॉडमध्ये किती ताण येतो ते काढायचं आणि हव्या त्या ठिकाणी जाडी कमी-जास्त करायची.

उजनीवर हा रॉड नेऊ नका. उघडं पाणी, सतत वारा आणि कटल्यासारखा जड मासा, हे पाच नंबरच्या कामट्यांचं काम नाही. पहाटे वारा पडलेला असताना काठाजवळच्या चिलापीवर फार तर हात बसवता येईल, तेही तिथल्या मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारून. आणखी एक, हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतं आणि परवाना मत्स्य विभागाकडून काढावा लागतो. तारखा त्याप्रमाणे आखा.

टोंकिन बांबू मागवायला फार खर्च येतो. आपल्याकडचा मेस किंवा माणगा वापरला तर? विकत घेताना काय बघायचं?
*बाळे, सोलापूर*

टोंकिनची महती खरी आहे. चीनच्या ग्वांगडाँग भागातला हा बांबू सरळ वाढतो, त्याच्या गाठी लांब-लांब असतात आणि सालीखालचे तंतू दाट असतात. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले रॉड ज्या बांबूचे होत, त्याला तिथे 'कलकत्ता केन' म्हणत आणि तो आपल्याच देशातून जात असे. भारतीय बांबूचा रॉड होऊच शकत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र त्यात निवड फार करावी लागते.

मेस भरीव असतो, मजबूत असतो, पण गाठी जवळजवळ आणि फुगीर. कोकणातला माणगा त्या मानाने सरळ आणि गुळगुळीत मिळतो. बुडखा आडवा कापून कापलेला भाग पाण्याने ओला करा आणि भिंगाखाली बघा. सालीच्या लगेच आत काळपट ठिपके तीळ पेरल्यासारखे दाट दिसतील आणि आत जाताना विरळ होत जातील. ते ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे आणि रॉडची सगळी ताकद त्यात. सालीपासून किमान ३ मिमीपर्यंत ते दाट असतील तर बुडाच्या कामट्या त्यातून निघतील, कारण ७.१ मिमी रॉडसाठी कामटीची उंची ३.५५ मिमी लागते. दोन मिमीतच विरळ होत असतील तर तो बांबू फक्त शेंड्याच्या कामट्यांसाठी ठेवा.

बांबू तीन वर्षांपेक्षा जुना आणि पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला हवा. कोवळ्यात साखर-पिष्ट जास्त, त्यामुळे भुंगा लागतो. सालीवर सुईच्या टोकाएवढं भोक आणि खाली पिवळसर भुकटी दिसली तर तो बांबू घरातच आणू नका, बाकीच्यांनाही लागेल. बुरूड कारागिराकडून घेत असाल तर ओला न घेता सावलीत वाळलेला मागा. त्यांची नजर या बाबतीत आपल्यापेक्षा पक्की असते. काम काय आहे ते सांगून त्यांनाच निवडायला लावा.

घरी आणल्यावर एका बाजूने बुडापासून शेंड्यापर्यंत एकच चीर पाडून ठेवा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते, की चीर नसलेला बांबू स्वतःच्या मर्जीने तीन-चार ठिकाणी तडकतो आणि निम्म्या कामट्या वाया जातात. ५० मिमी व्यासाच्या बांबूचा घेर सुमारे १५७ मिमी, म्हणजे सहा मिमी रुंदीच्या चोवीसएक कामट्या निघतात. एक बूड आणि दोन शेंडे (एक जादा) असलेल्या रॉडला अठरा लागतात. उरलेल्या सहा सरावाला आणि चुकलेल्यांच्या जागी. फोडताना कोयत्याने अर्ध्याचे अर्धे करत जा. कामटी एका बाजूला पळायला लागली, की जाड बाजूकडे वाकवून धार पुढे ढकला, म्हणजे ती मध्यावर येते. करवतीने कापू नका. करवत तंतू तोडते, कोयता त्यांच्या कलाने जातो.

गाठींपाशी रंधा मारला की तंतू उचकटून येतात. कामटीला तिथे बाकही आहे. काय चुकतंय?
*जुळे सोलापूर*

गाठीत तंतू सरळ जात नाहीत, वळून जातात. रंध्याचं पातं एका बाजूने त्यांच्या कलाने आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या विरुद्ध चालतं. म्हणून गाठ आधी दाबून सरळ करावी लागते, मग रंधा.

सालीकडचा उंचवटा बारीक कानशीने सालीच्या पातळीला आणा. त्याहून खाली जाऊ नका, एक कानस जास्त गेली की तंतू गेले. आतला पडदा पटाशीने काढा. मग हीटगन गाठीपासून चार-पाच सेंमीवर धरून कामटी सतत फिरवत राहा. साल चकाकायला लागते आणि कामटी बोटांना अचानक मऊ लागते. तोच क्षण. लगेच व्हाइसच्या गुळगुळीत जबड्यांत साल एका जबड्याला टेकवून दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. गरम असतानाच सोडलं तर बाक परत येतो. मग आडव्या दिशेचा बाक तसाच काढा. रंग गडद तपकिरी झाला तर उष्णता जास्त झाली. त्या जागी कामटी ठिसूळ होते आणि रॉड पुढे तिथेच मोडतो.

तरीही तंतू उचकटत असतील तर पातं बोथट आहे. बांबूत सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते. एका कामटीमागे एकदा तरी पातं दगडावर न्यावं लागतं. धारेचा कोन ३५ अंशांपर्यंत वाढवा, रंध्याने एका वेळी ०.०५ मिमीपेक्षा जाड छिलका काढू नका आणि गाठीवर ओलं बोट फिरवून मगच रंधा चालवा.

गाठींची मांडणीही आत्ताच ठरवा. सहा कामट्यांच्या गाठी एका रांगेत येता कामा नयेत. समोरासमोरच्या दोन गाठी एका पातळीवर, पुढच्या दोन थोड्या सरकवून, मग उरलेल्या दोन, अशी मांडणी सोपी पडते. शेंड्याच्या शेवटच्या दहा सेंमीत गाठ येऊ देऊ नका.

माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रंधण्याचा लोखंडी साचा मी स्वतः करू शकतो का? माप किती अचूक लागतं?
*अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर*

करू शकता, आणि तुमच्यासारख्यांनी करावाच. याच साच्याच्या खाचेत कामटी ठेवून ती मापात रंधतात. सोलापुरात ही एकच वस्तू तयार मिळत नाही, बाकी सगळं मिळतं.

२० मिमी चौरस ब्राइट बारचे दीड मीटरचे दोन तुकडे घ्या. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले, की मधल्या सांध्यावर ६० अंशांची खाच हवी, म्हणजे प्रत्येक बारची आतली कड उभ्या बाजूपासून ३० अंशांनी छाटायची. एका तोंडाला उथळ आणि बारीक खाच शेंड्यासाठी, उलट्या तोंडाला खोल खाच बुडासाठी. दोन्ही खाचा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू खोल होत गेल्या पाहिजेत. टोकापासून ६० मिमी सोडून दर १२५ मिमीला बारा ठिकाणं आखा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी: दोन्ही बार एका रेषेत धरणारी ६ मिमीची डॉवेल पिन, बार जवळ ओढणारा बोल्ट आणि दूर ढकलणारा ग्रब स्क्रू. ओढणारा आणि ढकलणारा दोन्ही घट्ट केले, की फट तिथेच पक्की राहते.

इथे बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. ब्राइट बार गार ओढून केलेला असतो, त्याच्या सालीत ताण असतो. एकच कड मिलिंगने छाटली की बार धनुष्यासारखा वाकतो. त्यामुळे आधी भोकं आणि आटे करून दोन्ही बार जोडून घ्या, मग जोडलेल्या अवस्थेतच, दोन्ही तोंडांवर आलटून-पालटून थोडं-थोडं काढत खाच पाडा. शेवटचा हात ६० अंशांच्या त्रिकोणी कानशीनेच द्या. मशीनचा माग राहिला तर कामटीच्या सालीवर उठतो.

आता सेटिंग. षटकोनातल्या प्रत्येक कामटीची उंची म्हणजे रॉडच्या मापाच्या बरोबर निम्मी. रॉड १.९ मिमी तर खाचेची खोली ०.९५. त्यातून गोंदासाठी ०.०२ मिमी वजा करा, नाहीतर चिकटवलेला रॉड ठरवल्यापेक्षा जाड भरतो. फट ०.१० मिमीने वाढवली, की खोली ०.०८७ मिमीने वाढते. हा हिशेब डोक्यात ठेवला की स्क्रू किती फिरवायचा ते लगेच कळतं. एम६ स्क्रूचा आटा एक मिमीचा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला फट एक मिमी आणि दहाव्या हिश्शाला ०.१०. शेंड्याकडून सुरुवात करा. एक ठिकाण बदललं की शेजारची दोन हलतात, म्हणून सगळ्या ठिकाणांवरून किमान तीनदा फिरावं लागतं. तिसऱ्या फेरीनंतरही आकडा हलत असेल तर पिन ढिल्या आहेत.

खोली मोजायला डायल गेजला ६० अंशांचं शंकूचं टोक लावा आणि सपाट लोखंडावर शून्य करा. त्या टोकाची अणी झिजलेली असेल तर गेज खोटं बोलतं. म्हणून १५ सेंमीची सरावाची कामटी रंधून मायक्रोमीटरने मोजा. तीन बाजूंनी तीन मापं घ्या, सपाट बाजूपासून समोरच्या धारेपर्यंत. तिन्ही ०.०३ मिमीच्या आत जुळली तर कोन बरोबर आहे. एक माप सतत कमी येत असेल तर रंधा हातात कलतो आहे.

एवढी अचूकता कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. षटकोनाचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १.७५ मिमीच्या शेंड्यावर ०.१ मिमी जास्त राहिला तर कडकपणा जवळजवळ २५ टक्क्यांनी वाढतो. तेच ०.१ मिमी मुठीजवळच्या ७.१ मिमीवर फक्त ६ टक्क्यांचा फरक करतं. म्हणजे बुडाच्या चुका रॉड पोटात घालतो, शेंड्याच्या नाही. चार नंबरसाठी केलेला रॉड पाच नंबरचा होऊन बसतो तो याच ०.१ मिमीमुळे.

रंधताना साल नेहमी खाचेच्या भिंतीला टेकलेली असली पाहिजे आणि कापलेल्या दोन बाजूंवर आलटून-पालटून रंधा चालला पाहिजे. सालीच्या बाजूवर रंधा कधीच नाही. तिथली मेणचट चकाकी चिकटवण्यापूर्वी पात्याने अलगद खरवडा, बस्स. शेवटचे ०.१ मिमी रंध्याऐवजी स्क्रेपरने काढा.

एक पायरी विसरू नका. कच्च्या त्रिकोणी कामट्या झाल्या की शेवटच्या रंधणीआधी त्या सहा-सहांच्या जुडग्यात सुती दोऱ्याने बांधून ओव्हनमध्ये सुमारे १८० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलट्या करा. आतला ओलावा जातो, कामटी सरळ आणि ताठ होते. ही पायरी गाळलेला रॉड पहिल्या मोठ्या माशानंतर वाकडाच राहतो.

फेव्हिकॉलने चिकटवला तर चालेल का? आणि दोरा गुंडाळल्यावर रॉडला पीळ पडतो तो कसा काढायचा?
*पंढरपूर*

सुतारकामाचा पांढरा गोंद नको. तो सतत ताणाखाली आणि उष्णतेत सरकतो. आपल्याकडे मेमध्ये बंद गाडीत ६० अंशांच्या पुढे तापमान जातं आणि सांधे त्याच दिवशी घसरतात. रिसॉर्सिनॉल उष्णतेला आणि पाण्याला सगळ्यांत चांगला, पण त्याची जांभळट रेघ दिसते. घरच्या कामाला सावकाश घट्ट होणारं अरल्डाइट बरं. वजनाने रेझिन १०० ला हार्डनर ८०, मापाने सम-सम. २५ अंशांत ते दीड तासाहून जास्त हाताळता येतं. ३८ अंशांत त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ मिळतो, म्हणून चिकटवण्याचं काम पहाटे करा किंवा सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. दुसऱ्या दिवशी ६०-७० अंशांत तीन-चार तास ठेवलं तर त्याची उष्णता सोसायची ताकद वाढते. 'पाच मिनिटांत घट्ट' लिहिलेला प्रकार हातात घेऊ नका.

गोंद लावलेल्या कामट्या घट्ट धरायला जो दोरा गुंडाळतात, तो एकाच दिशेने गेला की पीळ येतो. एकदा डावीकडून आणि लगेच परत उजवीकडून, दोन्ही वेळा सारख्याच ताणाने गुंडाळा. मग रॉड डोळ्यासमोर धरून एका सपाट बाजूवरून नजर शेंड्यापर्यंत न्या. ती बाजू फिरताना दिसली तर गोंद ओला असतानाच उलट पीळ द्या आणि सपाट काचेवर तळहाताने लोळवा. गोंद वाळल्यावर हीटगनने थोडं-फार सरळ होतं, पण अरल्डाइट असेल तर जपून, सांधा उघडू शकतो. बांधायला गुळगुळीत सुती दोरा घ्या. सोलापुरात तो मिळेल का, हे विचारायलाच नको.

जोडाची धातूची नळी पावसाळ्यात पक्की बसवली होती, एप्रिलमध्ये कटकट वाजायला लागली.
*बार्शी*

ती बांबूपासून सुटली आहे. हवेत ७५ टक्के आर्द्रता असताना लाकूड-बांबूत सुमारे १४ टक्के ओलावा असतो, २० टक्के आर्द्रतेत जेमतेम चार-पाच. पावसाळ्यात फुगलेल्या बांबूवर नळी बसवली, की उन्हाळ्यात बांबू आक्रसतो आणि नळी ढिली पडते. नळी नेहमी कोरड्या दिवसांत बसवा, बसवण्याआधी ते टोक दिवसभर दिव्याच्या उबेला ठेवा. सुटलेली नळी हलक्या उष्णतेने काढून, जुना गोंद खरवडून पुन्हा अरल्डाइटने बसवा.

नळी जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूची) घ्या. पितळ लवकर झिजतं आणि जोड डुलायला लागतो. मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात: सात फुटी चार नंबरला १२ नंबर, म्हणजे ४.७६ मिमी, आणि साडेसात फुटी पाच नंबरला १३, म्हणजे ५.१६ मिमी. षटकोन गोल करताना फक्त कोपरे काढा. सपाट बाजू खाल्ल्या तर जोडाखालीच रॉड मोडतो, आणि मोडलेल्या रॉडपैकी बरेच तिथेच मोडतात. जोडाचा आत जाणारा भाग २००० नंबरच्या कागदाने घासून बसवताना घाई नको, सैल झालेला परत घट्ट होत नाही.

गाइड, म्हणजे लाइन ओवायच्या कड्या, रॉडवर बांधायला पैठणीचं रेशीम वापरता येईल का?
*साखर पेठ, सोलापूर*

विणकामाच्या बाण्याच्या रेशमाला पीळ कमी असतो, ते गुंडाळताना फुलतं आणि व्हार्निशखाली केसाळ दिसतं. दोन पदरी, चांगला पीळ दिलेलं, ०.१ मिमीच्या आसपासचं घ्या. पांढरं रेशीम व्हार्निश लागताच पारदर्शक होतं आणि खालचा बांबू दिसतो. रंगीत काळपट पडतं, ते नको असेल तर आधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या. गाइडचे पाय कानशीने इतके निमुळते करा, की दोरा बांबूवरून पायावर चढताना पायरी लागू नये. गाइड किती? फुटांत लांबी अधिक एक, आणि शेंड्याची कडी वेगळी.

आमच्या घराशेजारी पॉवरलूम आहेत. व्हार्निशवर कापसाचा तंतू बसतोच बसतो.
*विजापूर रोड, सोलापूर*

ब्रश सोडा, नळीत बुडवा. ४० मिमी व्यासाची, रॉडच्या तुकड्यापेक्षा थोडी लांब पीव्हीसी नळी खालून बंद करून व्हार्निशने भरा, आणि गाइड लावण्याआधी तुकडा बुडवून मिनिटाला सुमारे दहा सेंमी या गतीने वर ओढा. मिनिटाला तीन फेऱ्यांच्या गिअर मोटरला १० मिमीची दांडी लावून त्यावर दोरा गुंडाळला, की बरोबर ही गती मिळते. वेग वाढला तर ओघळ येतात. वर आलेला तुकडा लगेच बंद उभ्या खोक्यात जाऊ द्या. लूम बंद असतात त्या दिवशी, जमिनीवर पाणी शिंपडून काम करा. व्हार्निशच्या दोन थरांमध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या आणि ६०० नंबरच्या कागदाने हलकं घासा.

मोठा मासा लागल्यावर शेंडा एका बाजूला वाकूनच राहिला. फेकून द्यावा का?
*टेंभुर्णी*

नाही. वाकलेला भाग हीटगनने हाताला सोसवेल एवढाच गरम करा, विरुद्ध बाजूला किंचित जास्त वाकवा आणि गार होईपर्यंत धरा. एका दमात जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाकण्याचं कारण बहुधा दोनांपैकी एक: ओव्हनची पायरी कमी पडली, किंवा मासा काठाशी आणताना रॉड उभा धरून शेंड्यावर वजन घेतलं. शेवटच्या टप्प्यात रॉड आडवा धरा, जोर बुडाला घेऊ द्या आणि मासा जाळीने उचला. दोन शेंडे केले असतील तर दर दिवशी आलटून-पालटून वापरा. घरी आल्यावर ओला रॉड पिशवीत किंवा नळकांड्यात बंद करू नका. पुसून, तुकडे सुटे करून रात्रभर पंख्याखाली टांगून ठेवा.